गाव पोळ्याला मोजा, संक्रांतीलाही मोजा: मोठ्या गावाची लोकसंख्या आणि समाजरचना कशी नोंदवावी

मराठवाड्यातल्या कुठल्याही मोठ्या गावात "लोकसंख्या किती?" असं विचारून बघा. पारावरचा माणूस "असंल धा हजार" म्हणतो. ग्रामपंचायतीत २०११ चा आकडा मिळतो, तो बराच कमी असतो. रेशन दुकानदार कार्डावरची माणसं सांगतो आणि निवडणूक जवळ आली असेल तर सगळे फक्त मतदार मोजतात. यातलं कुणीही खोटं बोलत नसतं. प्रत्येकानं वेगळ्या कामासाठी, वेगळ्या महिन्यात, वेगळी माणसं मोजलेली असतात. म्हणून आकडा लिहिण्याआधी तो कुणी, कधी आणि कशासाठी मोजला हे लिहायची सवय लावून घ्या. पुढची सगळी पद्धत त्यावरच उभी आहे.

हे काम कुणाला लागतं? ग्रामपंचायत विकास आराखडा करणाऱ्यांना, समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना, गावावर लिहिणाऱ्या पत्रकारांना आणि नव्यानं निवडून आलेल्या सदस्यांना. बाजाराचं गाव, हजार-दीड हजार चुली, आरोग्य केंद्र, बँक, हायस्कूल आणि शिवारात दोन-तीन तांडे, अशा आकाराचं गाव डोळ्यांसमोर ठेवून मी लिहितो आहे.

आधी गाव म्हणजे नेमकं कुठवर, ते ठरवा

जनगणना मोजते ते महसुली गाव. ग्रामपंचायत एका महसुली गावाची असू शकते, नाहीतर दोन-तीन गावांची गट ग्रामपंचायत असते. वाड्या, तांडे आणि शेतातल्या वस्त्या बहुधा मूळ गावाच्या आकड्यात धरलेल्या असतात, पण एखादा तांडा शेजारच्या गावाच्या शिवारात निघतो आणि त्याचं मतदान मात्र तुमच्याकडे असतं. तलाठ्याकडचा गावनकाशा बघून ही हद्द पक्की करा. (या पदाचं नाव २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवकाचं ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे. गावात जुनीच नावं चालतात, म्हणून इथंही तीच वापरतो.)

गावाचा जनगणना कोड आधी लिहून घ्या. एकाच तालुक्यात एकाच नावाची बुद्रुक आणि खुर्द अशी दोन गावं असतात, आणि यादीतल्या इंग्रजी स्पेलिंगवर विसंबलात तर भलत्याच गावाचे आकडे उचलले जातात.

जुने आकडे शोधणाऱ्यानं जिल्हे कसे बदलले हे लक्षात ठेवावं. जालना १९८१ साली, लातूर १९८२ साली आणि हिंगोली १९९९ साली वेगळा झाला. १९५१ ची जनगणना झाली तेव्हा मराठवाडा हैदराबाद राज्यात होता, म्हणून ते खंड महाराष्ट्राच्या कपाटात सापडणार नाहीत. २०११ च्या याद्यांत अर्थातच औरंगाबाद आणि उस्मानाबाद हीच नावं आहेत. शिवाय आष्टी, पाटोदा, वडवणी अशा तालुक्याच्या गावांना नंतर नगरपंचायती मिळाल्या. जुनी ग्रामीण बेरीज आणि आजची बेरीज थेट शेजारी मांडली तर खेड्यातली माणसं एकदम कमी झाल्यासारखी दिसतात, पण तिथं फक्त पाटी बदललेली असते.

जनगणनेचा तक्ता वाचणं

प्रत्येक जिल्ह्याची जनगणना पुस्तिका आणि प्राथमिक गोषवारा जनगणना कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. त्यात गावनिहाय कुटुंबं, स्त्री-पुरुष, ० ते ६ वयाची मुलं, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, साक्षर आणि काम करणारे असे आकडे असतात. इतकं हातात आलं तरी बरंच कळतं, फक्त भागाकार नीट करायला हवा.

समजा एका गावात १,३१० कुटुंबं आणि ६,४०० माणसं आहेत. पुरुष ३,३२०, स्त्रिया ३,०८०. सहा वर्षांपर्यंतची मुलं ८२०, त्यात मुलगे ४३० आणि मुली ३९०. साक्षर ४,१८५. साक्षरतेचं प्रमाण काढताना ४,१८५ ला ६,४०० नं भागायचं नाही. सहा वर्षांपर्यंतची मुलं वजा करून उरलेल्या ५,५८० नं भागायचं. उत्तर ७५ टक्के येतं. एकूण लोकसंख्येनं भागणारा गावाला ६५ टक्क्यांवर आणून ठेवतो, आणि अशी चूक असलेले अहवाल पुष्कळ फिरतात. राज्याचं २०११ चं प्रमाण ८२.३४ टक्के होतं, तुलना त्याच्याशी करा.

स्त्री-पुरुष प्रमाण म्हणजे हजार पुरुषांमागे स्त्रिया किती. वरच्या गावात ते ९२८ येतं, राज्याच्या ९२९ च्या जवळपास. त्यावरून गावाला लगेच प्रशस्तिपत्र देऊ नका. चाकण, वाळूजच्या कारखान्यांत तरुण एकटे कामाला गेले की गावातले पुरुष कमी होतात आणि प्रमाण आपोआप सुधारतं. खरी परीक्षा सहा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या आकड्यात असते, कारण तेवढी लेकरं कामासाठी एकटी कुठं जात नाहीत. इथं ते ९०७ आहे. बीड जिल्ह्यात हे प्रमाण २००१ साली ८९४ होतं, २०११ साली ८०७ वर आलं आणि राज्यात सर्वांत खाली गेलं. जिल्ह्यातल्या कुठल्याही गावाचा अहवाल लिहिताना हा आकडा शेजारी हवा.

कामाच्या रकान्यांत मुख्य आणि सीमांत अशी विभागणी असते. वर्षात सहा महिने किंवा जास्त काम केलेला मुख्य, त्याहून कमी केलेला सीमांत. पुढे शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग आणि इतर असे चार गट. या रकान्यांवर माझा विश्वास बेताचाच आहे. स्वतःच्या रानात दिवसभर खुरपणाऱ्या बाईबद्दल घरातला पुरुष "ती घरीच असते" असं सांगतो आणि ती काम न करणाऱ्यांत जाते. मजुरीला जाणारी निदान मोजली जाते. बटईनं (पिकाच्या वाट्यावर) किंवा मक्त्यानं (ठरलेल्या रकमेवर) जमीन करणारा शेतकऱ्यात धरायचा असतो, पण सांगताना तो स्वतःला मजूर म्हणवतो. दोन एकर कोरडवाहू असलेला ऊसतोड्या कुठल्या रकान्यात गेला असेल, ते विचारणाऱ्यावर आणि महिन्यावर ठरतं.

जनगणनेत जे नसतं

गावनिहाय धर्माचे आकडे मिळत नाहीत, ते तालुका आणि शहर पातळीवर थांबतात. अनुसूचित जातींची एकूण संख्या गावनिहाय असते, पण त्यात कुठली जात किती हे जिल्हा पातळीवरच कळतं. इतर मागासवर्ग आणि विमुक्त-भटक्या जमाती २०११ च्या जनगणनेत वेगळ्या मोजलेल्याच नाहीत. म्हणजे मराठा, वंजारी, धनगर, माळी, बंजारा, लिंगायत या मराठवाड्यातल्या मोठ्या समाजांपैकी एकाचाही गावपातळीवरचा अधिकृत आकडा नाही. सर्व जातींची छापील मोजदाद १९३१ ची, तीही निजामाच्या राज्यातली. कुणी "आमच्या गावात अमुक समाज चाळीस टक्के" असं छातीठोकपणे सांगत असेल, तर तो मतदार यादीवरून लावलेला अंदाज समजा.

या जागा भरायला गावातली दफ्तरं आहेत, मात्र प्रत्येकाची खोड वेगळी. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये मालमत्ता दिसतात, त्यात बंद घरं, मोकळे प्लॉट आणि दुकानांचे गाळेही येतात. मतदार यादीत अठरा वर्षांवरचेच असतात, मयतांची नावं वर्षानुवर्षं निघत नाहीत आणि सासरी गेलेल्या पोरींची माहेरी राहतात. रेशन कार्ड विभक्त करून घेतलेलं असतं आणि घरात चूल मात्र एकच. जनगणना कुटुंब मोजते ते चुलीवरून. तलाठ्याकडचे खातेदार म्हणजे शेतकरी कुटुंबं नव्हेत, एका घरात तीन खाती असतात आणि गायरानावर दोन पिढ्या पेरणाऱ्याच्या नावावर सातबाराच नसतो.

जन्मनोंदवहीवर तर अजिबात विसंबू नका. जन्म जिथं होतो तिथं नोंदवला जातो. आता बाळंतपणं तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या दवाखान्यात होतात, त्यामुळे गावच्या वहीत जन्म मोजकेच दिसतात. खरी यादी अंगणवाडी सेविका आणि आशाताईंकडे असते. साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा असते आणि तिला तिच्या वस्तीतलं घर न घर तोंडपाठ असतं. फक्त माहेरी बाळंतपणाला आलेल्या लेकी आणि माहेरी गेलेल्या सुना दोन्हीकडे मोजल्या जात नाहीत ना, एवढं तपासा. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनांच्या याद्यांवरून विधवा, परित्यक्ता आणि एकट्या म्हाताऱ्यांचा अंदाज येतो. तो गोषवाऱ्यात कुठंच मिळत नाही.

वस्तीनकाशा

कागद झाले की चपला घाला. कोतवालाला बरोबर घ्या, त्याच्याइतकं गाव कुणाला माहीत नसतं. वेशीपासून सुरुवात करून गढी, मारुती, मशीद, चावडी, बौद्ध विहार, पाण्याची टाकी, बाजारतळ असं फिरत जुन्या गावठाणाचा हातनकाशा काढा. मग डांबरी रस्त्याच्या कडेची नवी वसाहत, जिथं नोकरदार आणि दुकानदार राहतात. मग शेतातल्या वस्त्या. मग तांडे. शेवटी गावाबाहेरची पालं आणि फासेपारध्यांची घरं, जी बहुतेक नकाशांतून सुटतात आणि ज्यांच्याकडे रेशन कार्डही नसतं.

वस्त्यांची नावं लिहिताना पाटीवरचं नाव लिहा. राज्य सरकारनं २०२० साली जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. तोंडात जुनं नाव असलं तरी तुमच्या कागदावर भीमनगर, अण्णाभाऊ साठे नगर किंवा गावानं ठरवलेलं जे असेल तेच यावं.

प्रत्येक वस्तीसमोर नळ कुठवर आला, पक्का रस्ता कुठं संपतो, स्मशानभूमी आणि दफनभूमी कुठं, हे टिपा. समाजरचना टक्केवारीपेक्षा इथं लवकर दिसते. किल्लारी परिसरात ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर गावं नव्या जागी आखून वसवली गेली, तिथं जुन्या गल्ल्यांवरून अंदाज बांधता येत नाही. कोण कुणाच्या शेजारी आलं, ते विचारूनच घ्यावं लागतं. धरणात उठून आलेल्या गावांचंही तसंच.

जात-धर्माची नोंद

हा भाग सगळ्यात नाजूक. कुणाच्याही आडनावावरून जात लिहायची नाही, हा नियम भिंतीवर लिहून ठेवा. जाधव, पवार, चव्हाण ही आडनावं आपल्याकडे मराठ्यांत आहेत, बंजाऱ्यांत आहेत, बौद्धांत, मातंगांत आणि पारध्यांतही आहेत. २०२२ साली बांठिया आयोगानं मतदार यादीतल्या आडनावांवरून इतर मागासवर्गाची संख्या काढली तेव्हा राज्यभर आक्षेप आले, ते याच कारणानं.

विचारायचं ते कुटुंबालाच, आणि पहिल्या प्रश्नात नाही. माणसं किती, पोरं कुठं शिकतात, पाणी येतं का, हे झाल्यावर "दाखल्यावर काय नोंद आहे?" असं विचारा. हा प्रश्न कुणाला टोचत नाही आणि उत्तरही नेमकं येतं. सांगायचं नसेल तर रकाना कोरा सोडा. कोऱ्या रकान्यांची संख्याही अहवालात लिहायची असते.

बौद्ध कुटुंबांत धर्म बौद्ध आणि जात महार अशी नोंद असते, किंवा नुसतंच बौद्ध. जनगणनेत जात न सांगणारं बौद्ध कुटुंब अनुसूचित जातीच्या आकड्यातून सुटू शकतं. बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा १९९० पासून आहे. म्हणून तुमच्या तक्त्यात धर्म आणि जात असे दोन वेगळे रकाने हवेत. मुस्लिमांसाठी एकच रकाना पुरत नाही. बागवान, अत्तार, मोमीन, पिंजारी, तांबोळी, कुरेशी यांतल्या बऱ्याच जणांची इतर मागासवर्गात नोंद आहे, शेख-पठाणांची नाही, आणि त्यांचे धंदे आणि राहणीही सारखी नाही. लातूर, धाराशिव, नांदेडकडच्या लिंगायतांत वाणी, जंगम, तेली अशा वेगवेगळ्या नोंदी सापडतात. किनवट-माहूरकडे गोंड, कोलाम, प्रधान आणि हिंगोलीकडे आंध हे अनुसूचित जमातीत. बंजारा महाराष्ट्रात विमुक्त जातीत आणि पलीकडच्या तेलंगणात अनुसूचित जमातीत येतात. सीमेवरच्या तांड्यात माहेर-सासरचे दाखले वेगळे निघाले तर चक्रावू नका.

मराठा कुटुंबाच्या दाखल्यावर अलीकडे कुणबी लिहिलेलं आढळेल. २०२३ पासून निजामकाळातल्या मोडी-उर्दू कागदांत आणि शाळांच्या जुन्या रजिस्टरांत या नोंदी शोधल्या गेल्या. सख्ख्या चुलतभावांत एकाचा दाखला एक आणि दुसऱ्याचा दुसरा असं चित्र असतं. जसं दाखवतील तसं लिहा. त्यावर पारावर वाद घालणं तुमचं काम नाही.

दोन ऋतूंची मोजणी

मराठवाड्यातल्या गावासाठी ही पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि बहुतेक जण तीच गाळतात. २०११ ची माणसांची गणना ९ ते २८ फेब्रुवारीत झाली. नियम असा की त्या काळात जो एकही दिवस गावात नव्हता, तो जिथं होता तिथं मोजायचा. फेब्रुवारीत आपल्याकडचे ऊसतोड कामगार कुठं असतात? दसरा-दिवाळीला टोळ्या उठतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कारखान्याच्या तळावर कोप्यांत (झोपड्यांत) राहतात. म्हणजे बीडच्या डोंगरपट्ट्यातल्या एखाद्या गावाची जनगणनेतली संख्या ही अर्धं गाव बाहेर असतानाची असू शकते, आणि त्या संख्येवर वर्षभराचं नियोजन चालतं.

त्यावर उपाय सोपा आहे. एक मोजणी पोळ्याच्या आसपास करा, जेव्हा गाव भरलेलं असतं. दुसरी संक्रांतीच्या आसपास. घरयादी तीच ठेवायची, फक्त प्रत्येक नावापुढे आहे, ऊसतोडीला, कंपनीत, शिकायला, वीटभट्टीवर अशी खूण करायची.

ऊसतोडीत "किती माणसं गेली?" असं विचारू नका, "किती कोयते गेले?" असं विचारा. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा. टोळीच्या मुकादमाकडे ही संख्या चोख असते, कारण त्यानं उचल (आगाऊ पैसे) त्याच हिशेबानं दिलेली असते. कोयत्यांच्या दुपटीत सोबत नेलेली लेकरं मिळवली की गेलेल्यांचा आकडा तयार. मागे ठेवलेली मुलं शाळेच्या हंगामी वसतिगृहाच्या यादीत सापडतात, उरलेली आजी-आजोबांकडे. कोयता जोडीनं जात असल्यानं या स्थलांतरानं स्त्री-पुरुष प्रमाण फारसं हलत नाही, पण वयाचा डोलारा मधून पोकळ होतो. कंपनीत जाणाऱ्या पोरांचं याच्या उलट. हे दोन प्रकार एकाच "स्थलांतरित" रकान्यात कोंबले की दोन्हींचं चित्र बिघडतं.

सालगड्यांचं (वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्यांचं) वर्ष पाडव्याला बदलतं. कुटुंबासह शेतात राहणारा सालगडी पाडव्यानंतर दुसऱ्या गावात असू शकतो, म्हणून मार्च-एप्रिलमध्ये घरयादी सुरू करू नका. सोयाबीन काढणीतही नको, दारं बंद असतात. एरवी संध्याकाळी दिवे लागल्यावर जा.

सगळ्या चुलींना मोजकेच प्रश्न पुरे: माणसं, वयं, शिक्षण, काम, जमीन कशी करतात, कोण किती महिने बाहेर. सविस्तर मुलाखतीला प्रत्येक वस्तीतली दर दहावी चूल घ्या. तीसपेक्षा कमी चुलींच्या वस्तीत सगळ्या घ्या, नाहीतर घिसाडी, मसणजोगी, वैदू अशी चार-दोन घरं नमुन्यात येतच नाहीत.

जुळवणी आणि लेखन

आता सगळे आकडे एका तक्त्यात आणा. आडव्या ओळीत वस्त्या, उभ्या रकान्यांत चुली, पोळ्याची माणसं, संक्रांतीची माणसं, जमीन असलेल्या चुली, बटईच्या चुली, भूमिहीन चुली, नळ. जनगणना, रेशन आणि मतदार यादीचे आकडे खाली वेगळे, तारखेसह. ते तुमच्या आकड्याशी जुळवायचा अट्टहास करू नका. फरक का पडला, ते एका ओळीत लिहा.

छापताना एखाद्या समाजाची दहापेक्षा कमी घरं असतील तर त्यांच्यापुढे कर्ज, उत्पन्न, दारू अशी माहिती देऊ नका. नाव न लिहिताही गाव ओळखतं. जनगणनेचे घरोघरचे अर्ज १९४८ च्या जनगणना कायद्यानं गोपनीय असतात, तुमच्या वहीलाही तोच मान द्या.

मसुदा ग्रामसभेत वाचा. तिथं वाद होणार, कारण आकड्यांवर बरंच काही टांगलेलं असतं. सदस्यसंख्या जनगणनेवर ठरते: दीड हजारांपर्यंत ७, तीन हजारांपर्यंत ९, साडेचार हजारांपर्यंत ११, सहा हजारांपर्यंत १३, साडेसात हजारांपर्यंत १५ आणि त्यापुढे १७. राखीव जागाही त्यावरच. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला-बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. तो पैसा कुठल्या वस्तीत जातो, हे तुमच्या वस्तीनकाशावरून कुणीही विचारू शकतं. तांड्यावरची आणि पालावरची माणसं ग्रामसभेला येत नाहीत, त्यांचा मसुदा त्यांच्या वस्तीत जाऊन वाचावा लागतो. दुरुस्त्या लाल शाईनं वहीतच करा, जुना आकडा खोडून टाकू नका.

पुढची जनगणना २०२७ ची, संदर्भ तारीख १ मार्च. तिच्यात जातही विचारली जाणार आहे, आणि माणसांची गणना पुन्हा फेब्रुवारीतच, म्हणजे टोळ्या फडात असताना. तुमच्याकडे वस्त्यांची यादी तयार असेल तर तिची एक प्रत प्रगणकांना आधीच द्या, खास करून शेतातल्या वस्त्या आणि पालं दाखवणारी. मुकादमांनाही सांगून ठेवा, की तळावर मोजायला कुणी आलं तर कोपीतलं प्रत्येक माणूस लिहवून घ्यायचं, पाळण्यातल्यासकट.